गुडघ्याचं गाऱ्हाणं आणि सायकलची सीट



एलूल महिना लागला की गॅलरीत पडलेल्या सायकली बाहेर निघतात. योम किप्पूरला आपले वाडवडील कोकणात दारं लावून घरात बसत, म्हणून त्याला दारफाळणीचा सण म्हणत. इथे इस्राएलात त्या दिवशी रस्त्यावर गाड्या नसतात आणि मुलं मोकळ्या रस्त्यावर तासन् तास सायकल पिदडतात. त्या दिवशी सायकल चालवावी की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचं. आम्ही त्यात पडत नाही. पण दुसऱ्या दिवशी "सावता, गुडघा दुखतो" असं गाऱ्हाणं येतं, ते मात्र आमच्या खात्यातलं.

गुडघा दुखला की आपण बाम शोधतो. बामाच्या आधी सीट बघा. मूल वर्षात दोन-तीन बोटं वाढतं, सीट मात्र गेल्या वर्षी होती तिथेच राहते. सीट खाली असली की गुडघा फार वाकतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तरी तासाला ३६०० वेळा हा दाब पडतो. मग गुडघा बोलणारच.

मुलांनो, माप असं घ्यायचं. कोणाला तरी सायकल धरायला सांगा. सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न कलता पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट एकदम वर नेऊ नका, थोडी थोडी चढवा. सीटच्या नळीवर एक रेघ असते, ती बाहेर दिसेपर्यंत नळी ओढायची नाही. तेवढ्यानेही पाय सरळ होत नसेल तर सायकल लहान झाली, ती धाकट्या भावंडाला द्या. नुकती सायकल शिकणाऱ्या लहानग्याला मात्र हे माप लावू नये, त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

कुठे दुखतं हेही विचारा. पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागच्या खोबणीत दुखत असेल तर सीट फार वर आहे. कडेला दुखत असेल तर पाऊल पायडलवर वाकडं पडतंय का ते बघा.

दुसरी गोष्ट गिअरची. जेरुसलेमच्या किंवा हैफाच्या चढावर जड गिअर लावून जोर काढू नये. हलका गिअर लावा, पाय भरभर फिरू द्या. तिसरी गोष्ट सवयीची. वर्षभर बसने शाळेत जायचं आणि एका दिवसात ३० किलोमीटर मारायचे, हे गुडघ्याला झेपत नाही. तीन-चार आठवडे आधीपासून थोडं थोडं चालवा आणि दर आठवड्याला थोडंच वाढवा.

दहा ते पंधरा वर्षांच्या काही मुलांना वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर दुखरं टेंगूळ येतं. ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखतात. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं दुखणं थांबतं. तोवर उड्या आणि लांबच्या फेऱ्या कमी कराव्यात. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटं शेकावं, बर्फ थेट कातडीवर ठेवू नये.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. "वाढीचं दुखणं आहे, जाईल" असं म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही. मूल लंगडत असेल तर त्याच दिवशी दाखवा. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचं मूळ दुखणं कधी कधी खुब्यात असतं, आणि उशीर केला तर खुबा कायमचा बिघडतो. गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना किंवा गुडघा अडकून बसला, तरीही थांबू नये. योम किप्पूरला कुपत खोलिम बंद असलं तरी १०१ नंबरवर मागेन दाविद आदोम असतं.

आजी-आजोबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. "गुडघे झिजले, आता कसली सायकल?" असं म्हणून खुर्ची धरू नका. सायकलवर अंगाचा बराच भार सीट घेते, म्हणून झिजलेल्या गुडघ्याला ती पुष्कळदा चालण्यापेक्षा सोपी जाते. तोल जायची भीती असेल तर मतनासमध्ये जागेवरची सायकल असते का ते विचारा. डॉक्टरांना विचारून हलक्या जोरावर १० मिनिटांनी सुरुवात करा. घरी खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. असं प्रत्येक पायाने दहादा. मांडी बळकट झाली की गुडघ्याचा भार हलका होतो. शेजारणीला लागू पडलेली गोळी मात्र घेऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर दुखण्याच्या गोळ्या महागात पडतात.

तेव्हा येता शब्बाथ सुटला की पाना काढा. नातवंडांना सीट चढवू द्या, तुम्ही सायकल धरा. आणि हो, डोक्यावर हेल्मेट हवंच. अठराच्या आतल्यांना तो कायदाच आहे.