थंडीची लाट आणि परसातल्या कोंबड्या : बातमीत आकडा पाऱ्याचा, नुकसान मात्र वेगळ्याच कारणांनी

डिसेंबर उजाडला की निफाड, धुळे, जळगाव, नागपूर, गोंदिया ही नावे रोज बातम्यांत येऊ लागतात. 'पारा घसरला', 'हुडहुडी वाढली' असे मथळे येतात. त्यापाठोपाठ गव्हाला थंडी चांगली, द्राक्षाला घातक, असे सल्लेही येतात. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलते. बोललेच तर 'कोंबड्यांना थंडीपासून जपा' एवढ्यावर विषय संपतो. जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि नुकसान खरेच थंडीने होते का, हे या लेखात पाहू.

हा विषय छोटा नाही. २०१९ च्या २० व्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक फार्मवरील पक्ष्यांची वाढ ५ टक्क्यांच्याही आत राहिली. या कोंबड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हाती येतात. तेल-मीठ, मुलांच्या वह्या, एसटीचे भाडे त्यातूनच निघते. हिवाळ्यात अंड्याला मागणी चढते, मार्गशीर्ष सरला की गावठी कोंबडीलाही गिऱ्हाईक वाढते, पुढे गावोगावच्या जत्रा असतात. नेमक्या याच काळात टोपली रिकामी राहिली, तर वर्षातली चांगल्या कमाईची संधी हातची जाते.

थंडीच्या लाटेची व्याख्या आणि आपले खुराडे

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले, की थंडीची लाट मानतात. पारा ४ अंश किंवा त्याखाली गेला, तरीही लाट मानतात. म्हणजे बातमीतला आकडा रात्रीच्या किमान तापमानाचा असतो.

पूर्ण वाढलेली, अंगभर पिसे असलेली, कोरडी आणि पोट भरलेली कोंबडी ८-१० अंशांची रात्र सहज काढते. ती पिसे फुगवते, दांडीवर पाय पोटाखाली घेऊन बसते, शेजारणीला चिकटते. तेव्हा केवळ पारा उतरला म्हणून मोठी कोंबडी मरत नाही. ती आजारी पडते ती तीन गोष्टींनी : अंगावर थेट येणारे वारे, ओली गादी आणि कोंदट हवा.

आपल्याकडच्या हिवाळ्याची आणखी एक खोड आहे. खानदेश, मराठवाडा, विदर्भात पहाटे ९ अंश असतात आणि दुपारी २८-२९. एका दिवसात २० अंशांचा फरक पडतो. बर्फाच्या देशातले 'खुराडे घट्ट बंद ठेवा' हे सल्ले मोबाइलवर पाहून जसेच्या तसे पाळले, तर दुपारी आतल्या आत उकडते, विष्ठेचा अमोनिया साठतो आणि डोळे-श्वासनलिका चुरचुरतात. मग घुरघुर, शिंका, नाकातून पाणी सुरू होते. आपण म्हणतो, 'थंडी बाधली.' प्रत्यक्षात बाधलेली असते बंद हवा.

यावर उपाय साधा आहे :

- उत्तर आणि पूर्व बाजूला बारदानाचा किंवा ताडपत्रीचा पडदा लावा. पडदा खालून वर चढवा आणि वर छताजवळ वीतभर ते फूटभर जागा मोकळी ठेवा. ओलसर, कोंदट हवा वर जाते, ती तिथून निघून जाईल आणि वारे कोंबडीच्या अंगावर येणार नाही.
- सूर्य मावळताना पडदा चढवा. सकाळी ऊन आले की पूर्ण खाली घ्या. ही रोजची दोन कामे आहेत, एकदाच बांधून सोडायचे नाही.
- सकाळी खुराड्यात डोके घालून वास घ्या. नाक-डोळे चुरचुरले तर हवा कमी पडते आहे, मग बाहेर कितीही थंडी असो.
- जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा ४-५ इंच जाड टाका आणि रोज खालीवर करा. मूठभर गादी दाबून पाहा. गोळा झाला तर ओल जास्त आहे, तेवढा भाग काढून कोरडा टाका.
- बसायला दीड-दोन फूट उंचीवर, साधारण २ इंच रुंदीची लाकडी पट्टी किंवा जाड बांबू द्या. पातळ काठीवर बोटे पिसांखाली झाकली जात नाहीत.

अंडी का घटतात?

'थंडीने अंडी कमी झाली' हे अर्धेच खरे आहे. कोंबडीचे अंडे उजेडावर चालते. भर लेईंगसाठी तिला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो. त्याच सुमारास पिसे झडण्याचा काळ येतो आणि अंगातली प्रथिने नवी पिसे घडवण्यात जातात. थंड पाणी कोंबडी कमी पिते, आणि पाणी कमी तर अंडे कमी.

तुमच्याकडे ग्रामप्रिया, वनराज, गिरीराज यांसारखे सुधारित पक्षी असतील आणि ते अंड्यावर आले असतील, तर उजेड वाढवण्याचा फायदा होतो. ९ वॅटचा एक एलईडी बल्ब पहाटे लावा. आठवड्याला अर्धा तास याप्रमाणे हळूहळू वाढवत एकूण उजेड १४ तासांवर न्या. संध्याकाळी दिवा लावून एकदम बंद केला, तर कोंबड्या अंधारात दांडी शोधत राहतात, म्हणून वाढ पहाटेच्या बाजूने करा. एकदा सुरू केलेला उजेड मध्येच तोडू नका. पहाटे ३ तास दिवा चालला तर महिन्याला एक युनिटही वीज लागत नाही.

अस्सल गावठी कोंबडी मात्र टप्प्याटप्प्याने अंडी घालते आणि खुडूक बसते. वर्षाला ५०-६० अंडी हा तिचा स्वभाव आहे, दिव्याने त्यात फार फरक पडत नाही. तिच्याखाली अंडी उबवायला हिवाळा उन्हाळ्यापेक्षा बरा, कारण उष्म्याने अंडी खराब होत नाहीत. म्हणून गावठी कोंबडी असेल तर या दिवसांत अंड्यांच्या संख्येपेक्षा पिल्ले जगवण्याकडे लक्ष द्या.

खरी मरतूक पिलांची

थंडी थेट मारते ती पिलांना. पहिले दोन-तीन आठवडे पिलाला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचे. आई असेल तर ती हे काम करते. विकत आणलेल्या पिलांना ऊब आपणच द्यायची असते.

इथे अलीकडे एक नवी चूक दिसते. पूर्वी घरोघरी पिवळे, तापणारे बल्ब होते, आता सगळीकडे एलईडी आले. एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास देतच नाही. पिलांवर एलईडी टांगून 'बल्ब लावलाय' असे समाधान मानले, तर पहाटेपर्यंत पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. उबेसाठी तापणारा जुना बल्बच हवा, पिलामागे साधारण २ वॅट. २५ पिलांना ६० वॅटचा एक बल्ब टोपलीखाली पुरतो, कडाक्याच्या रात्री दोन लावा.

थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी आहे. दूर कडेला जाऊन चोच उघडी ठेवत असतील तर जास्त आहे. सगळीकडे पसरून खात-झोपत असतील तर बरोबर आहे.

वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. तो पिलांनाही मारतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसांनाही. शेगडी लागलीच, तर निखारे पूर्ण धुमसून झाल्यावर, वर हवेला वाट ठेवून आणि माणूस जागा असतानाच.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक मुद्दा. शासनाच्या योजनेत १०० एकदिवसीय पिलांचा गट आणि २५ माद्या व ३ नर तलंगांचा गट, असे दोन प्रकार आहेत. थंड पट्ट्यातल्या गावांत डिसेंबर-जानेवारीत एकदिवसीय पिल्ले द्यायची असतील, तर लाभार्थ्याकडे ब्रूडर, तूस आणि रात्रीची विजेची सोय आहे का, हे वाटपापूर्वी पाहा. सोय नसेल तर थंडी ओसरल्यावर पिल्ले द्यावीत, किंवा तलंगांचा गट सुचवावा. पहिल्याच आठवड्यात निम्मी पिल्ले गेली, की ती बाई पुन्हा कुक्कुटपालनाचे नाव काढत नाही.

यंदाच्या मक्याकडे नीट पाहा

थंडीत शरीर गरम ठेवण्यासाठी कोंबडी जास्त खाते. संध्याकाळी खुराड्यात घेण्यापूर्वी प्रत्येकी १५-२० ग्रॅम भरडलेला मका, बाजरी किंवा ज्वारी दिली, तर रात्रभर ऊब राहते. पण दिवसभर नुसते धान्यच दिले तर प्रथिने कमी पडतात. अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि भरपूर कॅल्शियम लागते. म्हणून पेंड, हिरवा लसूणघास, शिंपल्यांचा चुरा द्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली. भिजलेला, काळा पडलेला मका बाजारात विकला जात नाही, म्हणून तो कोंबड्यांपुढे टाकायचा मोह होतो. तसे करू नका. बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करते, अंडी घटवते आणि लसीचा परिणामही कमी करते. उन्हात वाळवले की बुरशी सुकते, विष मात्र तसेच राहते. असा मका कोणत्याच जनावराला नको.

पाणी सकाळी कोमट द्या. पाण्यातून औषध देताना कोंबड्या या दिवसांत कमी पितात हे लक्षात ठेवून पाणी कमी घ्या, नाहीतर औषध भांड्यातच राहते.

मानमोडी आणि बर्ड फ्लू

हिवाळ्यात राणीखेत म्हणजे मानमोडी आली तर आठवड्यात खुराडे रिकामे होते. लस स्वस्त आहे, पण कुपी किमान शंभर मात्रांची असते आणि तुमच्याकडे पक्षी पंधरा. त्यामुळे लस राहून जाते. वस्तीतल्या सात-आठ घरांनी मिळून एक कुपी घ्या. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने एकाच सकाळी सगळ्या पक्ष्यांना लस द्या. कुपी बर्फात आणा आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवा. विस्तार कार्यकर्त्यांनी गावनिहाय असा एक दिवस ठरवला, तरी मोठे काम होईल.

बर्ड फ्लूचा धोकाही याच मोसमात, स्थलांतरित पक्षी येतात तेव्हा वाढतो. २००६ मध्ये देशातला पहिला प्रादुर्भाव नवापूरला झाला, तो फेब्रुवारीत. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील मुरुंबा, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरचे कावळे व उरण तालुक्यातील चिरनेरच्या कोंबड्या. चिरनेरचे उदाहरण आपल्यासाठी महत्त्वाचे, कारण तिथला प्रश्न परसातल्या पक्ष्यांचा होता.

अशा वेळी लोक बातमी दडवतात, कारण बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट केले जातात. पण नियम समजून घ्या. नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे दडवण्यात तुमचेच नुकसान होते. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक कायद्यानुसार कळवणे बंधनकारकही आहे. अचानक अनेक पक्षी मेले, तुरे निळे पडले, डोके सुजले, तर मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. पूर्ण शिजवलेले चिकन-अंडी खाण्यात धोका नाही, हेही शेजाऱ्यांना सांगा.

धोरण कुणापर्यंत पोचते?

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. २५ हजारांपर्यंत मांसल आणि ५० हजारांपर्यंत अंड्यावरचे पक्षी असलेल्या व्यावसायिकांना त्यात कृषी दराने विजेसारखे फायदे मिळणार आहेत. निर्णय स्वागतार्ह आहे. पण घरच्या मीटरवर दिवा लावणाऱ्या परसातल्या पालकाला वीजदरापेक्षा तीन गोष्टी जास्त हव्यात : वस्तीवर वेळेत पोचणारी लस, मोसम पाहून होणारे पिलांचे वाटप आणि भरपाई लवकर मिळेल याची खात्री. ग्रामसभेत मागणी करायची तर याच तीन गोष्टींची करा.

या आठवड्यात करायची कामे

१. पडदे बांधा, वरची फट मोकळी ठेवा.
२. ओली गादी काढून कोरडे तूस टाका.
३. मका तपासा, बुरशीचा बाजूला काढून नष्ट करा.
४. शेजारच्या घरांशी बोलून मानमोडीच्या लसीचा दिवस ठरवा.
५. पिल्ले आणायची असतील तर ती येण्याच्या आदल्या दिवशी ब्रूडर लावून पाहा आणि ऊब नीट मिळते याची खात्री करा.

या कामांना फार पैसा लागत नाही, रोज सकाळ-संध्याकाळचा पाव तास लागतो. तेवढा दिला तर पारा कितीही उतरला, तरी संक्रांतीपर्यंत तुमच्या टोपलीत विकायला अंडी असतील.