भिड्यांचा वाडा गेला. गांवची शाळा राखा

पुण्यास बुधवार पेठेंत दगडूशेट हलवाई गणपतीसमोर भिड्यांचा वाडा होता. होता, असेंच आतां म्हणावें लागतें. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं याच वाड्यांत मुलींची शाळा काढली. जात माळ्याची, वय विशीचें. सावित्रीबाईंस त्यांनीं घरींच अक्षरें शिकविलीं, आणि पुढें त्याच तेथें मास्तरीण झाल्या. जागा दिली तात्यासाहेब भिडे यांनीं. ते जातीनें ब्राह्मण होते, हेंही सांगितलें पाहिजे. ज्यानें दार उघडलें त्याचें नांव लपविणें हा सत्याचा मार्ग नव्हे.

शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनीं शेण टाकलें, दगड मारिले. १८४९ सालीं नवराबायकोस घर सोडावें लागलें. तरी काम थांबलें नाहीं. १८५१ सालीं चिपळूणकरांच्या वाड्यांत व रास्ता पेठेंत, १८५२ सालीं वेताळ पेठेंत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. या शाळांतून शिकलेल्या मुक्ता नांवाच्या मांगाच्या मुलीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला; तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापला गेला. पाटी हातीं आली कीं मुक्याला वाचा कशी फुटते तें पाहा!

अशा वाड्याचें पुढें काय झालें? खालीं दुकानें थाटलीं, वरच्या भिंती खचल्या. राष्ट्रीय स्मारक करावें असें ठरलें, पण जागेचा तंटा कोर्टांत वर्षानुवर्षें रेंगाळला. नोव्हेंबर २०२३ मध्यें सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, आणि डिसेंबरांत एका रात्रींत मोडका वाडा पाडून जागा मोकळी करण्यांत आली. स्मारक अवश्य व्हावें. परंतु वाडा त्या रात्रीं मेला नाहीं. तो उभा असतां आपण त्याच्याकडे पाहिलें नाहीं तेव्हांच मेला.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आतां आपापल्या गांवच्या शाळेकडे वळून पाहा. कौलें फुटलीं आहेत काय? पावसांत पोरें कोपऱ्यांत गोळा होऊन बसतात काय? पट वीसाच्या आंत गेला म्हणून लहान शाळा एकत्र कराव्या, असा विचार सरकारनें २०२३ सालीं पुढें आणला. मुलगा सायकलीवर दूरच्या शाळेस जाईल. मुलीस मात्र ओढा ओलांडून कोण धाडील? तीच प्रथम घरीं राहील. आम्ही मास्तर हजेरी घेतों, म्हणून हें आम्हांस आधीं दिसतें.

१८८२ सालीं जोतीरावांनीं हंटर कमिशनास बजाविलें कीं, सरकारचा पैसा रयतेच्या घामाचा. तेव्हां बारा वर्षांपर्यंतचें शिक्षण सक्तीचें करा. आज २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस फुकट व सक्तीचें शिक्षण देतो. त्याच कायद्यानें शाळेची व्यवस्थापन समिती नेमली. तींत चारांत तीन पालक, व निम्म्या बायका असाव्या असा नियम आहे. पण सभेच्या दिवशीं किती आईबाप येतात? कोऱ्या कागदावर अंगठा देऊन आपण मोकळे होतों.

छप्पर स्वखर्चानें शाकारा असें आमचें म्हणणें नाहीं. तें सरकारचें काम आहे, आणि तें हक्कानें मागितलें पाहिजे. पण मागावयास जावें तर लागेल ना? पुढील सभेस आईनें व बापानें दोघांनींही जावें, ठराव वाचून मगच सही करावी. उभ्या शाळेची निगा न ठेवतां पडल्या शाळेच्या जागेवर हार घालणें, हें कांहीं जोतीरावांचें स्मरण नव्हे.

— एक खेड्यांतील शिक्षक