खुडूक कोंबडी आणि विकतची पिल्ले

मागच्या हिवाळ्यात आम्ही वनराजा जातीची एक दिवसाची १५ पिल्ले विकत आणली. पैसे बचत गटातून उचललेले. हप्ता दर महिन्याला भरायचा, म्हणून पिल्लू न् पिल्लू मोजून घेतले. मोठ्या टोपलीत लाकडाचा भुसा अंथरला आणि वर साठ व्हॅटचा बल्ब टांगला. पहिल्याच रात्री लाइट गेली. आम्ही दिवसभराचे दमलेले, कुणाला जाग आली नाही. पहाटे उठून पाहते तो पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली आणि खालची तीन गार पडलेली.

सासूबाई कामावर निघता निघता म्हणाल्या, "पोरी, घरात माय बसलीय, आन् तू बल्बाला हात जोडतीस व्हय?"

माय म्हणजे आमची कबरी. चार वर्षांची कोंबडी. अंडी कमी झालेली आणि वरून पंधरा दिवसांपासून खुडूक. दिवसभर घमेल्यात पिसे फुगवून बसायची, जवळ गेले की गुरगुरायची. "ही आता फुकट खाते, येत्या रविवारी कापू," असे आमचे हे म्हणत होते.

मी घाई केली. सासूबाई परत येण्याची वाट न पाहता भर दुपारी एक पिल्लू कबरीपुढे ठेवले. तिने मान लांब केली, पिल्लाकडे एकदा पाहिले आणि त्याच्या डोक्यावर चोच मारली. दुसऱ्या टोच्याला ते आडवे झाले. पंधराची अकरा झाली.

संध्याकाळी सासूबाईंना सांगताना मला रडू आले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "कोंबडीला दिवसा डोळे असतात, रातीला नसतात. अंधार पडू दे."

रात्री नऊ वाजता कंदील दाराबाहेर ठेवून आम्ही दोघी आत गेलो. कबरीखाली दोन अंडी ठेवलेली होती. सासूबाईंनी मागच्या बाजूने हात घालून एक अंडे काढले आणि त्याच हाताने तिथे पिल्लू सरकवले. कबरी कुरकुरली. मग दुसरे अंडे, दुसरे पिल्लू. त्यानंतर अर्धा तास आम्ही गप्प बसून राहिलो. आतून पिल्लाची बारीक चिवचिव आली आणि कबरीने घशातल्या घशात हळू आवाज काढला. "बोलली," सासूबाई म्हणाल्या. मग बाकीची नऊ पिल्लेही एकेक करून तिच्या पंखाखाली गेली.

झुंजूमुंजू होण्याआधीच मी घमेल्याजवळ जाऊन बसले. उजेड पडल्यावर कबरी उठली, कणीचा दाणा चोचीत घेऊन खाली टाकला आणि "कुक् कुक्" करू लागली. यंत्रात जन्मलेली ती पिल्ले, कोंबडीची हाक त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. पण अकराही धावत गेली.

यात जादूटोणा काही नाही. कोंबडी खुडूक झाली की तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. अंडी देणे थांबते आणि बसून राहण्याची ओढ लागते. अंड्यातून पिल्लू यायला २१ दिवस लागतात. बरेच दिवस बसलेल्या कोंबडीला रात्री पोटाखाली हालचाल व चिवचिव जाणवली, तर ती पिल्ले आपलीच म्हणून धरते. दिवसा समोर आलेले पिल्लू मात्र तिला परके वाटते. पिल्लांचेही तसेच आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्याच्या मागे फिरायला शिकतात, त्याच्याच मागे राहतात. आठवड्याची झालेली पिल्ले सहसा कोंबडीखाली जात नाहीत.

तुम्हाला असे करायचे असेल तर पुढील गोष्टी सांभाळा :

कोंबडी खरोखर खुडूक हवी. हात घातला तरी जागा न सोडणारी आणि निदान आठ-दहा दिवस बसलेली. नुसती वयाने मोठी किंवा गरीब स्वभावाची असून भागत नाही. खुडूक नसलेली कोंबडी पिल्ले मारते.

पिल्ले एक-दोन दिवसांची असावीत आणि सगळी एकाच रात्री द्यावीत. चार दिवसांनी नवीन भर घालू नये. मध्यम अंगाच्या कोंबडीला १० ते १२ पिल्ले पुरे. जास्त झाली तर बाहेर राहिलेली गारठतात.

आधी कोंबडीची पिसे उलटून उवा पाहाव्यात. तिला अंग घोळायला कोरडी राख-माती द्यावी. नाकातून पाणी गळणारी किंवा पातळ हगणारी कोंबडी पिल्लांजवळ नको.

सकाळी उजेडाच्या आधी तिथे हजर राहावे. कोंबडी डोक्यावर टोचू लागली तर पिल्ले लगेच काढून घ्यावीत. त्यासाठी उबेची दुसरी सोय तयार ठेवावी. बल्ब लावायचा तर जुना तापणारा लावावा, एलईडीची ऊब पिल्लांना पुरत नाही.

पहिले आठ दिवस इतर कोंबड्यांपासून वेगळे डालून ठेवावे. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून द्यावे, म्हणजे पिल्लू बुडत नाही. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यातला जास्त चुना त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतो. पिल्लांचे खाद्य कोंबडीनेही खाल्ले तर चालते.

आणि कोंबडी ऊब देते, लस देत नाही. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्यावीच. एका बाटलीत पुष्कळ पक्ष्यांची लस असते आणि ती फोडली की लगेच वापरावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

आमच्या अकरांपैकी एक घारीने नेले. कबरी छपराएवढी उडाली, पण घार वरून आली होती. दहा पिल्ले मोठी झाली. दोन महिन्यांनी कबरीने त्यांना टोचून स्वतःपासून दूर केले आणि पुन्हा अंड्यावर आली. चार कोंबडे विकून आम्ही उरलेले हप्ते फेडले.

रविवारी कापायचे हे आता बोलत नाहीत. पण दुपारी गेलेले ते एक पिल्लू माझ्या घाईने गेले, हे मी विसरले नाही. तुमच्याकडे पिल्ले आली, तर तेवढी एक रात्र होऊ द्या.