यंत्रे आली, शिकलेले हात कोठे आहेत?

'बी. एस्सी. झाल्यावर पुढे काय?' या प्रश्नाला डॉक्टर, इंजिनिअर किंवा प्राध्यापक यांपलीकडे उत्तर आपल्याला सहसा सुचत नाही. वैद्यकीय प्रतिमातंत्रज्ञ, म्हणजे रोग्याच्या शरीराचे अंतरंग यंत्राने टिपणारा तज्ज्ञ, हे उत्तरही तितकेच मानाचे आहे असे माझे मत आहे.

मी मूळचा मध्य प्रदेशातील बालाघाटचा. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा व नागपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, तरी मोठ्या दुखण्याला आमची माणसे आजही नागपूरच गाठतात. जिल्ह्यात भरवेली, उकवा, तिरोडी येथे मँगनीजच्या खाणी आहेत. नियमांनुसार खाण कामगारांची ठराविक मुदतीने तपासणी होते, आणि तीत छातीचा एक्स-रे असतो. धुळीने जडणारा फुप्फुसाचा विकार आरंभी बारीक ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. फिल्मवर किरणे जास्त पडली की हे ठिपके काळोखात बुडतात; कमी पडली की निरोगी छातीतही रोग भासतो. डिजिटल यंत्र चित्र सावरून घेते खरे, पण त्यामुळे रोग्याला गरजेपेक्षा अधिक किरणे बसली तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी डॉक्टर कितीही निष्णात असो, आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? याला 'नुसते बटण दाबणे' म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

अणुवैद्यकात तर घड्याळाशीच गाठ असते. तेथे नित्य वापरात असलेल्या टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धायुष्य अवघे ६ तास. सकाळी ८ वाजता मोजलेली मात्रा दुपारी २ वाजता निम्मी झालेली असते! वर्गात आपण कंटाळून सोडवलेले गणित तेथे रोग्याच्या कामी येते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये (स्थापना १९६३) विज्ञानाच्या पदवीधरांना या विद्येचे शिक्षण घेता येते.

पालकांना किरणांची भीती वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नव्हे. परंतु काम करणाऱ्याच्या छातीवरील बिल्ला त्याला बसलेल्या किरणांचा हिशेब ठेवतो, आणि पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्टच्या पुढे जाऊ नये असा नियम आहे. खरे भय शिक्षणाचे नाही, अर्धवट शिक्षणाचे आहे.

२०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. आरोग्य व शिक्षण ही त्यांच्या निधीची अग्रक्रमाची क्षेत्रे आहेत. त्यातून दरवर्षी खाण कामगारांच्या चार मुलामुलींना हे शिक्षण द्यावे, आणि काही वर्षे जिल्ह्यातच सेवा करण्याची अट घालावी. यंत्र पैशाने विकत आणता येते. ते चालवणारा माणूस मात्र घडवावाच लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, पदवीनंतरच्या वाटा मोजताना ही वाटही मोजा. आणि गुरुजनहो, ती आम्हांला वेळेवर दाखवा, एवढीच विनंती.