बंबात गेलेलं सेटिंग

थर्टी फर्स्टची गर्दी ओसरली आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या पाखाडीतल्या काकांचा फोन आला. लॅपटॉप बिघडला म्हणून दापोलीला नेऊन फॉरमॅट करून आणला होता, आता मेल उघडेना. "सर्व्हरचं नाव विचारतोय रे, आणि कसला तो पोर्ट." मी म्हटलं, काका, ते सगळं मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून दिलं होतं. मागून काकूंचा आवाज आला, "जुनं कालनिर्णय गेलं की बंबात!"

२६ जानेवारीच्या सुट्टीसाठी पुण्याच्या एका ऑफिसचा मेल त्याच पत्त्यावर येऊन पडला होता. पाच खोल्या, दोन रात्री, एका दुपारी उकडीचे मोदक. दोन दिवस उत्तर गेलं नाही आणि मंडळी कर्द्याला उतरली.

म्हणून मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले या पट्ट्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या सगळ्यांना हे सांगणं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घराच्या नावाचं डोमेन घेतलंय, ते चांगलंच केलंत. पाटीवर स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता असला की पाहुण्यालाही भरवसा वाटतो. फक्त एक काम राहून जातं, आणि ते राहिलंय हे नवा फोन हातात येईपर्यंत कळत नाही.

जीमेलचा पत्ता फोनमध्ये घालायचा तर पत्ता आणि पासवर्ड पुरतो, कारण जीमेलचे सर्व्हर कुठे आहेत ते प्रत्येक ॲपला पाठ असतं. तुमच्या वाडीचं नाव कुणाला पाठ असणार? मग ॲप तुम्हालाच विचारत बसतं. येणाऱ्या मेलचा सर्व्हर कोणता, जाणाऱ्याचा कोणता, पोर्ट ९९३ की १४३, ४६५ की ५८७. एक आकडा चुकला की मेल येतो पण जात नाही. या प्रश्नांची उत्तरं डोमेनपाशीच एकदा लिहून ठेवता येतात. ॲप येतं, वाचतं, आपलं आपण भरून घेतं.

थंडरबर्ड या मेलच्या ॲपचं उदाहरण घ्या. तुम्ही पत्ता टाकलात की ते ॲटच्या पुढचं नाव घेतं, त्याच्या आधी 'ऑटोकॉन्फिग' आणि एक टिंब लावतं, आणि त्या जागी जाऊन एक लहानशी एक्सएमएल फाइल मागतं. तिथे नसेल तर तुमच्या वेबसाइटवरच्या एका ठरावीक कोपऱ्यात बघतं. तिथेही नसेल तर मोझिलाने ठेवलेली यादी चाळतं, मग एमएक्स नोंदीवरून तुमचा मेल कोणाकडे उतरतो ते पाहतं. काहीच हाती लागलं नाही, तर अंदाजाने दारं ठोठावतं. अंदाजाने काय होतं ते मुरुडकरांना मी सांगायला नको. दर सुट्टीत एखादं कुटुंब मुरुड-जंजिऱ्याला पोचतं आणि तिथून फोन करतं, "आम्ही आलोय, तुमचं घर कुठे?" नाव बरोबर, जिल्हाच वेगळा.

ती फाइल वीस-पंचवीस ओळींची असते. सर्व्हरचं नाव, पोर्ट, जोडणी सुरक्षित आहे की नाही, आणि वापरकर्त्याच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता घ्यावा अशी खूण. पासवर्ड त्यात कधीही लिहायचा नाही, ती फाइल जगाला उघडी असते.

आउटलुकची रीत निराळी. ते 'ऑटोडिस्कव्हर' या नावाने शोधतं आणि त्याला वेगळ्या घाटाची फाइल लागते. तिसरा मार्ग डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतल्या, एसआरव्ही नोंदींचा. २०११ साली आरएफसी ६१८६ मध्ये तो ठरवून दिला, पण सगळी ॲप तो मानत नाहीत. तरी त्या नोंदी घालून ठेवा, पैसा लागत नाही. आयफोनसाठी एक प्रोफाइल फाइल बनवता येते, ती उघडून परवानगी दिली की खातं तयार. अँड्रॉइडवर ऑक्टोबर २०२४ पासून थंडरबर्ड मिळतं. जीमेलच्या ॲपमध्ये बाहेरचं खातं घालताना मात्र यातल्या कशावर विसंबू नका, तिथे मी अजून हातानेच भरतो.

हे सगळ्यांनाच लागतं असंही नाही. तुमचा मेल गूगल वर्कस्पेस किंवा झोहोसारख्या मोठ्या ठिकाणी असेल तर थंडरबर्ड एमएक्सवरून ओळखून घेतं. अडचण येते ती वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळालेल्या मेलबॉक्सला. त्यातही सीपॅनल असेल आणि डीएनएस त्याच कंपनीकडे असेल तर ऑटोकॉन्फिग आणि ऑटोडिस्कव्हरच्या नोंदी बहुधा आपोआप तयार झालेल्या असतात. मग कोणीतरी साइट जलद व्हावी म्हणून डीएनएस दुसरीकडे हलवतो, वेबसाइट आणि एमएक्सच्या ओळी उतरवून घेतो आणि या दोन विसरतो. जुन्या फोनवर मेल चालूच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काकांच्या डोमेनचं नेमकं हेच झालं होतं.

फाइल लिहिताना एक खोच आहे. सर्व्हरचं नाव म्हणून आपल्या डोमेनचं नाव घालायचा मोह होतो, पण सर्व्हरचं प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या नावावर असलं तर ॲप धोक्याची सूचना देतं. बहुतेक जण ती न वाचता 'ठीक आहे' दाबतात. ही सवय वाईट. प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच फाइलमध्ये लिहा.

आणि हे केवळ सोयीचं काम आहे असं समजू नका. २०२१ साली गार्डिकोर नावाच्या सुरक्षा कंपनीने दाखवलं की काही प्रोग्रॅमना तुमच्या डोमेनवर ऑटोडिस्कव्हर सापडलं नाही, तर ते एक पायरी वर चढून 'ऑटोडिस्कव्हर डॉट कॉम'सारख्या परक्या नावाकडे जातात आणि पासवर्डही तिथेच सांगून मोकळे होतात. कंपनीने अशी काही नावं विकत घेऊन चार महिन्यांवर वाट पाहिली. त्यात आपलं 'डॉट इन'ही होतं. सुमारे ३ लाख ७२ हजार लॉगिन त्यांच्याकडे चालत आले. आपल्या दारावर पाटी नसली की पाहुणा शेजाऱ्याकडे शिरतो, तसलाच प्रकार.

आपल्याकडे यंत्रं टिकत नाहीत हेही धरून चाला. खारी हवा, पावसाळ्यात येणारी-जाणारी वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कौलं उडालेल्या घरांत कॉम्प्युटर भिजून गेले आणि वीज यायलाच कितीतरी दिवस लागले. नवी यंत्रं आली तेव्हा मी घरोघर बसून तेच आकडे पुन्हा पुन्हा भरले. तेव्हा हे सुचलं असतं तर माझा अर्धा पावसाळा वाचला असता.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. साइट करून देणाऱ्या पोराने ते स्वतःच्या खात्यात घेतलं आणि पुढे तो मुंबईला गेला, अशी दोन घरं मी पाहिली आहेत. तसं असेल तर गोडीत बोलून ते आपल्या नावावर करून घ्या. मग डीएनएसचं लॉगिन शोधा. नोंदी आणि फाइल घालायला एखादी दुपार पुरते. शेवटी घरातला दुसरा फोन घ्या, थंडरबर्डमध्ये फक्त पत्ता आणि पासवर्ड टाका. त्याने पोर्ट विचारला नाही, की झालं काम.

ज्यांना स्वतःला जमणार नाही त्यांनी शिमग्याच्या आत मला हाक मारावी. एप्रिल-मेमध्ये नको, तेव्हा आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात.