नेमकी गरज किती?

निवृत्तीच्या दिवशी शाखेतील सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर मला फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडची कुंडी दिली. जांभळ्या फुलांचा तो तुरा जवळजवळ २ महिने टिकला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी तो कौतुकाने दाखवीत असे. फुले गळाली तेव्हा मात्र मी अस्वस्थ झालो आणि झाडाची काळजी दुपटीने घेऊ लागलो. चांगली काळी माती आणून कुंडीत भरली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, वरचेवर खत दिले. पावसाळा संपता संपता पाने पिवळी पडली. कुंडी उपडी केली, तर मुळे कुजून काळी झालेली. हौसेने आणलेले दुसरे झाडही वर्षभरात त्याच वाटेने गेले. सौ. म्हणाली, "अहो, ते तहानेने नाही गेले, तुमच्या पाण्याने गेले."

अखेर रोपवाटिकेतील एका अनुभवी माळ्याकडे गेलो. त्याने समजावले ते असे. शोभेसाठी लावतात ती बहुतेक ऑर्किडे मूळची मातीतली नव्हेत. ती रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. बांडगुळाप्रमाणे ती त्या झाडाचा रस शोषीत नाहीत, केवळ आधार घेतात. आपल्या सह्याद्रीतील 'सीतेची वेणी' याच प्रकारची. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी टिपून घेते आणि वाऱ्याने पुन्हा सुकते. भिजलेले मूळ हिरवट दिसते, सुकलेले चंदेरी. तेव्हा मुळे चंदेरी झाल्यावाचून पाणी घालू नये, हा त्याचा मुख्य नियम.

हे ऐकताना मला कर्जविभागातील दिवस आठवले. भांडवलाअभावी बंद पडलेली दुकाने मी पाहिली, तशी गरजेपेक्षा अधिक कर्जाने बुडालेलीही पाहिली. जादा रक्कम न खपणाऱ्या मालात अडकते. व्याज मात्र थांबत नाही. म्हणून प्रस्तावावर सही करण्यापूर्वी मी व्यापाऱ्याला विचारीत असे, "नेमकी गरज किती?" झाडाच्या बाबतीत हा प्रश्न मला सुचलाच नाही. पाणी त्याच्या तहानेसाठी नव्हते, माझ्या समाधानासाठी होते.

आता डेंड्रोबियमचे रोप आणले आहे. भरपूर छिद्रांची कुंडी, तीत कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, पूर्वेच्या गॅलरीतील कोवळे ऊन. फूल अद्याप आलेले नाही. एक नवे मूळ मात्र कुंडीच्या काठाबाहेर डोकावले आहे.

आणखी एक सवय याच काळात सोडली. चिरंजीवाने स्वतःचे दुकान काढल्यापासून रोज रात्री फोन करून मी गल्ल्याचा आकडा विचारीत असे. उत्तरे दिवसेंदिवस तुटक होत गेली होती. ४ महिने झाले, मी विचारणे थांबवले. पहिले काही दिवस हात आपोआप फोनकडे जाई. गेल्या रविवारी त्याचाच फोन आला, "बाबा, एका गिऱ्हाइकाची उधारी फार वाढली आहे. काय करू?"

मी विचारले तेवढ्याचेच उत्तर दिले.