ओझं आणि वजन

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका ताईंनी गेल्या पावसाळ्यात मला एक प्रश्न विचारला. त्या पनवेलच्या कामगार नाक्यावर उभ्या राहतात आणि मिळेल ते बांधकामाचं काम करतात. वय त्यांच्याच अंदाजाने बेचाळीस. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन पहिल्यांदा आल्या, आता पोटगीच्या तारखांसाठी येतात. संध्याकाळी केंद्र बंद करताना मी पिशवीतून बूट काढले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, कुठं निघालात?" मी म्हटलं, "व्यायामशाळेत. वजन उचलायला." त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पैसे देऊन उचलता? आम्ही उचललं तर आम्हाला पैसे देतात. ते पण कमीच."

हसू मलाही आलं. पण त्या गेल्यावर मी बूट हातात घेऊन तशीच बसून राहिले. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन पंधरा वर्षं बायकांमध्ये काम करणारी मी, माझ्या या नव्या उद्योगाबद्दल मैत्रिणींशी मोकळेपणाने बोलत नव्हते ते याच भीतीने. हे मध्यमवर्गीय बाईचं चोचलं तर नव्हे? त्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर शोधलं, ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

माझं वय ३९. वजन उचलण्याशी माझी ओळख जुनी आहे. सप्टेंबर २००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकमध्ये कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवलं, तेव्हा मी शाळेत होते. ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून होतं. बायकांना त्या मंचावर पाय ठेवायला २००० साल उजाडावं लागलं. एकशे चार वर्षं! हे गणित तेव्हा मला ठाऊक नव्हतं. एक बाई डोक्यावर एवढं वजन धरून उभी आहे आणि कोणी तिला ते आतल्या खोलीत नेऊन ठेव म्हणत नाही, एवढंच दिसलं होतं.

आमच्या भागातल्या तालमीत मारुतीची तसबीर होती, त्यामुळे मुलींनी आत यायचं नाही. पुढे कॉलेजात एका सरांनी आम्हा चार मुलींना सकाळी सहाची वेळ दिली. मी ५५ किलो डोक्यावर धरलं आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिसरी आले. मग पदव्युत्तर शिक्षण, नोकरी, लग्न, मूल. बंद कर असं कोणी म्हटलं नाही. बायकांच्या गोष्टी बहुधा अशाच बंद होतात, कोणी बंद न करता.

पंधरा वर्षांनी परत गेले त्याचं कारण माझी आई. चौसष्टाव्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात आम्ही दोघीच होतो. तिचं वजन ४८ किलो, आणि मला तिला उचलता येईना. माणूस उचलणं आणि बार उचलणं एक नव्हे, आणि मोडलेल्या हाडाच्या माणसाला एकट्याने उचलूही नये, हे सगळं मला समजतं. पण त्या ओल्या फरशीवर आईजवळ बसून शेजाऱ्यांची वाट पाहिलेली पंधरा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. आई त्यानंतर कुबड्यांशिवाय चाललेली नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवणारी, दूध मुलांना आणि चहा स्वतःला घेणारी ती बाई. तिची हाडं कधी झिजत गेली ते आम्हा कोणालाच कळलं नाही.

म्हणून मी जिममध्ये गेले. तिथल्या मुलाने मला दोन किलोचे गुलाबी डंबेल्स दिले आणि पळायच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "मॅडम, वजन कमी करायचंय ना?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, वाढवायचंय. बारवरचं." घरी सासूबाईंना काळजी, अंग खाली येईल. एका डॉक्टरांनी न तपासताच सांगितलं, तुमचं सिझेरियन झालंय, पाच किलोच्या वर काही उचलू नका. तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. तो चौदा किलोचा असताना मी त्याला कडेवर घेऊन लोकलचा जिना चढत होते, तेव्हा कोणत्याही डॉक्टरांनी मला थांबवलं नव्हतं.

शेवटी दुसरीकडे नीट तपासणी करून घेतली, एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून श्वास आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकले आणि पंधरा किलोच्या रिकाम्या बारपासून सुरुवात केली. बायकांसाठीचा बार पंधरा किलोचा असतो, पुरुषांचा वीसचा. आता दीड वर्षाने मी जमिनीवरून ७० किलो उचलते. विक्रमाच्या दृष्टीने ही काहीच गोष्ट नाही. माझ्या दृष्टीने आहे.

शरीराचं शास्त्र थोडक्यात सांगते, कारण ते आपल्या आरोग्य शिबिरांत फारसं सांगितलं जात नाही. हाडांची घनता तिशीच्या आसपास सर्वांत जास्त असते. पाळी जाते त्या सुमाराची काही वर्षं ती झपाट्याने घटते. स्नायूही तिशी-चाळिशीनंतर हळूहळू कमी होत जातात. चालणं चांगलंच, पण स्नायू आणि हाडं टिकवायला त्यांच्यावर भार यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असं म्हटलं आहे. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या स्त्रियांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, आठ महिने चांगलं जड वजन उचलायला लावलं. त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता घटण्याऐवजी वाढली. देखरेखीखाली हा शब्द मात्र विसरायचा नाही. रक्तदाब असेल, अंग खाली येत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर आधी तपासणी आणि उपचार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. उपाशी बाईला बार देणं हा व्यायाम नव्हे, क्रूरपणा आहे.

चाळिशीनंतर हे जमतं का? पुण्याच्या भावना टोकेकर एक्केचाळिसाव्या वर्षी जिमकडे वळल्या आणि २०१९ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, रशियातल्या चेल्याबिन्स्क इथे आशियाई पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत आपल्या वयोगटात चार सुवर्णपदकं घेऊन आल्या. तरुण मुलींमध्ये, घाट चढून गेलं की लागणाऱ्या वडगाव मावळची हर्षदा गरुड. २०२२ मध्ये ग्रीसमध्ये ४५ किलो गटात १५३ किलो उचलून ती कनिष्ठ जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय ठरली. तिचे वडील स्वतः या खेळातले. मुलीच्या हातात बार देणारा बाप असला की काय होतं ते तिने दाखवलं.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येते. बाया काय कमी उचलतात? पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, हंड्याचं वजन वेगळं. घरातला भरलेला सिलिंडर जवळपास तीस किलोचा. नाक्यावरच्या बाईच्या डोक्यावर आठ-दहा विटा म्हणजे पंचवीस-तीस किलो, आणि हे दिवसभर, जिन्याने. कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवरून पनवेलच्या बाजारात येणाऱ्या आदिवासी बायकांच्या पाट्या कोणी कधी तोलल्या आहेत? खुद्द मीराबाई चानू लहानपणी मणिपूरच्या डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणायची. त्याच मुलीने २०२१ मध्ये टोकियोत २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोळी आणणाऱ्या बाकीच्या मुलींसाठी आपण काय केलं?

मला वाटतं, फरक इथे आहे. ओझं दुसरा ठरवतो. किती, कुठवर, किती वेळा, हे मुकादम ठरवतो, पाण्याची वेळ ठरवते, घरातली माणसं ठरवतात. ते खाली ठेवायची परवानगी बाईला नसते. अंग दुखलं, पाळी आली, पाचवा महिना लागला, तरी ते तेवढंच राहतं. वजन मी ठरवते. आज पंधरा, पुढच्या आठवड्यात साडेसतरा. मध्ये दोन दिवस विश्रांती. नको वाटलं तर खाली. एकीने शरीर झिजतं, दुसऱ्याने उभं राहतं. दोन्हींत किलो तेच असतात, सत्ता वेगळी असते.

कायद्याला हा फरक अगदीच माहीत नव्हता असं नाही. १९९८ च्या बांधकाम कामगारांविषयीच्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषाने ५५ आणि प्रौढ स्त्रीने ३० किलोच्या वर ओझं वाहू नये अशी मर्यादा घातली होती. इतक्या वर्षांत साइटवर काटा घेऊन आलेला अधिकारी आमच्या नाक्यावरच्या एकाही बाईने पाहिलेला नाही. आणि ओझ्याचा हिशोब न ठेवण्याची किंमत कोण देतं? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारी बाई पाळीमुळे खाडा नको, दंड नको, म्हणून पिशवीच काढून टाकते. उलट २०२४ मध्ये पॅरिसला मीराबाईचं पदक एका किलोने हुकलं, तेव्हा आपल्या पाळीचा तिसरा दिवस होता हे तिने पत्रकारांना उघडपणे सांगितलं. आपल्या शरीराबद्दल असं सरळ बोलण्याची सोय किती बायकांना आहे?

चळवळीतल्या मैत्रिणींचे आक्षेप मी ऐकलेत. एक म्हणते, हे सगळं सौंदर्याच्या बाजारात जाऊन मिळतं. खरं आहे, जिमच्या भिंतीवरच्या चित्रांतली बाई माझ्यासारखी दिसत नाही. पण बाजाराने आपली भाषा पळवली म्हणून शरीराचा प्रश्न आपण त्याच्या हाती सोडून द्यायचा का? दुसरी म्हणते, बायका बलवान झाल्या की हिंसा थांबेल असं तुला वाटतं का? नाही, मुळीच नाही. मार खाणाऱ्या बाईला "तू ताकद कमव" असं सांगणं म्हणजे मारणाऱ्याला मोकळं सोडणं. आमच्या केंद्रात आलेल्या एकाही बाईला मी तसं सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मी म्हणते आहे ते म्हातारपणाबद्दल. बायका पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त जगतात, आणि ती शेवटची वर्षं पुष्कळदा सुनेच्या नाहीतर मुलीच्या हातावर काढतात. स्वतःच्या पायांनी शौचाला जाता येणं हा हक्काचा प्रश्न नाही का? आणि तिची सेवा करणारी दुसरी बाईच असते, तिच्या कंबरेचा प्रश्न नाही का?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. जिमची फी, दोन तासांची मोकळीक, घरी मूल सांभाळणारं कोणी, हे सगळं मला आहे, त्या ताईंना नाही. म्हणूनच ही माझी एकटीची हौस राहू नये. पनवेलची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. अशा प्रत्येक शहरात सार्वजनिक पैशाने व्यायामशाळा बांधल्या जातात, आणि त्या बहुतेक तरुण मुलगे वापरतात. तिथे बायकांसाठी रोजची ठरलेली वेळ, पंधरा किलोचे बार, एक शिकलेली प्रशिक्षक बाई आणि मुलांना बसायला एक खोली, एवढं मागायला काय हरकत आहे? त्याच अर्जात दुसरी मागणीही असावी: साइटवर ओझ्याची मर्यादा पाळली जाते का ते तपासा. एक मागणी दुसरीशिवाय करायची नाही. एका बाईला वजन मिळावं आणि दुसरीचं ओझं तसंच राहावं, अशी वाटणी आपल्याला नको.

त्या ताई एका रविवारी माझ्याबरोबर आल्या. रिकामा बार त्यांनी सहज उचलला. पाठ कशी ठेवायची ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. उचलून धरलेल्या अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "आता कुठं नेऊन ठेवू?" मी म्हटलं, "कुठंच नाही, ताई. आहे तिथंच ठेवा." त्या म्हणाल्या, "मग उचललं कशाला?" मी अजून त्यांना पटेल असं उत्तर देऊ शकलेले नाही. त्या परत आल्या नाहीत. रविवारी त्यांना झोप हवी असते, आणि तोही त्यांचा हक्कच आहे.

मैत्रिणींनो, एक साधी सूचना करते. आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक ताणकाटा घेऊन या. हंडा, घमेलं, पाटी, सरपण, सिलिंडर, कडेवरचं मूल, जे जे आपण रोज उचलतो ते तोला आणि वहीत लिहा. कोण ठरवतं, दिवसातून किती वेळा, आणि खाली ठेवायची मुभा आहे की नाही, हेही लिहा. आमच्या केंद्रात आम्ही या महिन्यापासून सुरुवात करतो आहोत. त्या वह्या एकत्र केल्या की कोणत्या कार्यालयात काय मागायचं ते आपल्याला आपोआप कळेल.